गाडी सुटण्याआधी

शर्यतीचं हँडबिल खालून वर वाचावं. वरच्या बाजूला बक्षिसाचा आकडा आणि पुढाऱ्यांचे फोटो असतात, आणि त्यावरून कुठली गाडी पहिली येणार हे कळत नाही. कामाची माहिती तळाला, बारीक टायपात असते. गट कुठले, दाताची अट काय, पल्ला केवढा, माळ कुणाचा, चिठ्ठ्या किती वाजता. चिकोडी, निपाणी, रायबाग या पट्ट्यात यात्रा, उरूस आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस यांच्या निमित्तानं मैदानं भरत असतात. एकसंबा, मलिकवाडकडच्या माळांवर कागल, हातकणंगले, मिरजेकडून पिकअपमधून बैल उतरतात. माणसं हजारांनी जमतात. त्यातली निम्मी बैलाचं नाव ऐकून आणि उरलेली गेल्या मैदानाचा मोबाईलवरचा व्हिडिओ बघून अंदाज सांगत सुटतात. गाडी सुटण्याआधी आपल्या डोळ्यांनी बघून ‘पहिल्या तिघांत ही’ असं कारणासकट सांगता यावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पैशाचं आधीच बोलून मोकळा होतो. माळावर पैज लावणं बेकायदेशीर आहे. कायद्यानं पैसे लावायची सोय आहे ती परवाना असलेल्या रेसकोर्सवर. घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, नुसता नशिबाचा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1996 साली के. आर. लक्ष्मणन यांच्या खटल्यात म्हटलं. मोठ्या आवाजात त्याचा दाखला देणारे लोक आपल्याकडं भेटतात, पण तो निकाल आपल्या माळाला लागू पडत नाही. तेव्हा इथं अंदाज म्हणजे अंदाजच. चुकला तर टपरीवर चार जण हसतील, एवढाच तोटा.

‘हँडिकॅप’ हा शब्द मुंबई-पुण्याच्या रेसवाल्यांकडून आपल्यापर्यंत आला. मूळ इंग्लंडातला हा अदलाबदलीचा खेळ. दोघं आपापल्या वस्तू पुढं ठेवत, तिसरा पंच ठरवी की हलक्या वस्तूच्या मालकानं वर किती द्यायचे, आणि पटलं की नाही ते टोपीत हात घालून कळवायचं. आपल्या जनावरांच्या बाजारात बैलाला बैल बदलताना ‘वर किती देतोस’ म्हणतात, तोच हा हिशेब. घोड्यांच्या शर्यतीत तो वजनावर गेला. मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स 1883 पासूनचं. तिथं हँडिकॅपर नावाचा अधिकारी प्रत्येक घोड्याला गुण देतो. जास्त गुणांच्या घोड्यावर जास्त वजन, कमी गुणांच्या घोड्यावर कमी. जॉकी हलका पडला तर खोगिराच्या खणांत शिशाच्या पट्ट्या घालतात. सगळे घोडे एकाच वेळी खांबापाशी पोचावेत, हे त्या माणसाचं स्वप्न. आणि अंदाज बांधणाऱ्याचं काम म्हणजे त्यानं कुठं चूक केली ते शोधणं.

आपल्या माळावर हँडिकॅपर नाही. कुणाच्या गाडीत कुणी दगड घालून वजन सारखं करत नाही. इथं बरोबरी करायला एकच गोष्ट वापरतात, ती म्हणजे दात. म्हणून हँडिकॅपर कागदावर जे करतो ते बघणाऱ्यानं मनात करायचं. कुणाला कशाचा फायदा, कुणाच्या अंगावर न दिसणारं ओझं.

दातापासून सुरुवात करू. आदत म्हणजे दुधाचे दात असलेला खोंड. दोन पक्के दात आले की दुस्सा, चार आले की चौसा, मग सहादाती, आणि सगळे आले की जुळलेला. खिल्लारीत ढोबळमानानं अडीच-तीन वर्षांत दुस्सा आणि पाचाच्या आसपास जुळलेला, पण चारा-पेंडीप्रमाणं आणि रक्ताप्रमाणं हे पाच-सहा महिने मागंपुढं होतं. गंमत इथंच आहे. भारतात शर्यतीच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस कागदोपत्री 1 जानेवारीला असतो. डिसेंबरअखेरीला जन्मलेलं शिंगरू चार दिवसांत एक वर्षाचं ठरेल, म्हणून पैदासवाले घोडी वर्षाच्या सुरुवातीला विण्याची धडपड करतात. आपल्याकडं कॅलेंडरच्या जागी जबडा आहे. दुस्सा गटात नुकतेच दोन दात आलेला खोंड असतो, आणि तिसरा-चौथा दात हिरडीखाली टोचायला लागलाय असाही असतो. दोघं एकाच गटात, पण दुसऱ्याच्या अंगात सहा-आठ महिन्यांचं जादा बळ. पंच दात बघतात तेव्हा जवळ उभं राहायला मिळालं तर दात किती एवढंच मोजू नका. ते किती झिजलेत, पूर्ण वर आलेत की अर्धे, शेजारची हिरडी फुगलीय का, हे बघा. गटाच्या शेवटच्या पायरीवर असलेला बैल हा त्या गटातला सगळ्यात स्वस्तात मिळालेला फायदा. उलट, गेल्या महिन्यापर्यंत आदत गटात पहिला येणारा खोंड नुकताच दुस्सात चढला असेल, तर त्याच्या नावाभोवतीचा गाजावाजा आधीच्या गटातला आहे हे लक्षात ठेवा.

जनरल गटात दाताची अट नसते. तिथं वय उलटं बघायचं. जुळून दोन-तीन वर्षं झालेला बैल ताकदीनं भरलेला असतो. त्यापुढं ताकद राहते, पण सुटण्याचा झटका कमी होत जातो.

मग माळ. शक्य असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी चक्कर मारा. दूधगंगा-वेदगंगेच्या काठची काळी जमीन आणि थोडं वर गेलं की लागणारा मुरमाड माळ, हे दोन वेगळे देश आहेत. काळ्या रानात पाऊस पडून गेला असेल तर वरून वाळल्यासारखं दिसतं आणि चाक आत बसतं. तिथं हलक्या अंगाचा, भराभर पाय टाकणारा बैल मागं पडतो, आणि रुंद पुठ्ठ्याचा, खाली वाकून ओढणारा पुढं येतो. मुरमाड माळावर नेमकं उलटं होतं. तिथं खुरांची परीक्षा असते. पत्र्या कधी मारल्या, सगळ्या जागेवर आहेत का, खुराची कड फुटलीय का, हे बघायला वाकावं लागतं. मालक संशयानं बघतील. रामराम घालून, बैलाचं कौतुक करून वाकावं. खाली बघितलं की एवढं बघा की चालताना मागच्या पायाचा ठसा पुढच्या पायाच्या ठशावर पडतो, का त्याच्या मागं राहतो. मोकळ्या अंगाच्या बैलाचा ठसा ठशावर किंवा थोडा पुढं पडतो. मागं राहत असेल तर कंबर किंवा मागचा पाय आखडलाय. मालक सांगणार नाही, माती सांगते.

पल्ल्याचंही इथंच बघून घ्या. महाराष्ट्रात 2017 च्या नियमांनी धाव एक हजार मीटरच्या आत ठेवायला सांगितली आहे. सातारा-सांगलीकडच्या छकड्याच्या शर्यतीत गट, उपांत्य आणि अंतिम अशा फेऱ्या होतात, प्रत्येक फेरी म्हणजे एक झपाटा. पुणे जिल्ह्यात घाटातली बारी घड्याळावर मोजतात. विदर्भात शंकरपट. आणि आपल्या कोल्हापूर-बेळगाव पट्ट्याला सवय आरत-परत पळण्याची, जाऊन वळून परत यायचं. एका तऱ्हेच्या मैदानात नाव काढलेला बैल दुसऱ्या तऱ्हेत तेवढा चालेलच असं नाही. मुंबईत एक हजार मीटरला वाऱ्यासारखा सुटणारा घोडा चोवीसशे मीटरच्या इंडियन डर्बीत उतरवला तर शेवटच्या वळणावर त्याचे पाय जड होतात, हे रेसकोर्सवरचं पोरगंही सांगेल. आपल्याकडं मात्र ‘अमक्या मैदानात पहिला आलाय’ एवढ्यावर भागतं. ते मैदान किती लांबीचं होतं, सरळ होतं की वळणाचं, एकाच फेरीचं होतं की तीन फेऱ्यांचं, हे विचारा.

आता बैल. सकाळी लवकर जा, हलगी वाजायच्या आधी. एकदा गर्दी आणि लाऊडस्पीकर सुरू झाला की सगळेच बैल उसळायला लागतात, आणि उसळणारा बैल म्हणजे पळणारा बैल असा नवख्याचा समज होतो. माझाही होता. पंचवीस एक वर्षांपूर्वी मामांबरोबर एका मैदानात गेलो होतो. एक पांढराशुभ्र बैल, वशिंड असं की देवळाचा कळस, शिंगांना रंग, पाय आपटत उभा. मी म्हटलं, हाच. मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या टोकाला लिंबाखाली एक मळकट जोडी बसून रवंथ करत होती, तिथं घेऊन गेले. म्हणाले, “मास्तर, त्यो लग्नातला नवरदेव हाय. ह्यो कामाचा गडी हाय.” नवरदेव सुटताना आडवा गेला आणि पाचवा आला. मळकट जोडीही पहिली आली नाही, हे मामा नंतर कधी सांगत नसत. ती दुसरी आली.

रवंथ करणारा बैल म्हणजे पोट जागेवर आणि मन जागेवर. नाकपुडीवर ओल असावी. गारव्यात उभ्या बैलाच्या बरगडीमागची बाजू मिनिटाला साधारण पंधरा ते तीस वेळा हलते. घड्याळ लावून मोजा, अर्धं मिनिट पुरतं. उन्हात थोडी वाढणारच, पण सावलीत, सकाळी आठला पन्नासच्या पुढं जात असेल तर तो बैल प्रवासानं शिणलाय, तापलाय, किंवा त्याला काहीतरी पाजलंय. शेण बघायला लाजू नका. अगदी पातळ असेल तर कालपासून पेंड किंवा भरडा एकदम वाढवलाय. कडक गोळे असतील तर पाणी कमी पडलंय. घोड्याला भरपूर घाम येतो आणि अंग थंड होतं, बैलाला तेवढा येत नाही, त्याला बरीचशी उष्णता श्वासावाटे टाकावी लागते. म्हणून दुपारी दोनच्या फेरीत, सकाळी एकदा पळून आलेल्या बैलावर फार विश्वास टाकू नये, मग त्याचं नाव काहीही असो.

डोळे लालभडक, तोंडाला फेस, अंगावर थरथर, कान मागं, हे दिसलं की ती गाडी वहीतून काढून टाका. ती पहिली आली तरी काढून टाका. दारू पाजून किंवा भलतंसलतं टोचून पळवलेल्या बैलावरचा अंदाज बरोबर येण्यात कसलं कसब?

देखणेपणाचं मघाशी बोललो, ते थोडं वाढवतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथं होतात. आपल्या भागात पळणारे बैल बहुतेक खिल्लार. ही जात सोलापूर-सातारा-सांगलीपासून विजापूर-बेळगावपर्यंतच्या कोरड्या पट्ट्यातली, लांब पल्ल्याला आणि उन्हाला तयार झालेली. माघात चिंचलीच्या मायाक्का देवीच्या यात्रेला महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही राज्यांतून बैलगाड्या येतात, तिथं चार तास नुसतं फिरलं तरी डोळा तयार होतो. यात्रेत प्रदर्शनासाठी आणलेला बैल भरीव असतो, कातडी चकाकते. पळणारा बैल त्यापुढं जरा वाळकाच दिसतो. पोट वर खेचलेलं, शेवटच्या एक-दोन बरगड्या पुसट दिसतात, गुडघ्याखालचं हाड बारीक पण कोरडं, सूज नाही. मागून बघितलं तर दोन्ही मांड्या सारख्या भरलेल्या. एक मांडी कमी दिसली तर त्या पायाला कधीतरी दुखापत झालेली आहे. जू ज्यावर बसतं त्या जागेवर हात ठेवून बघता आला तर सोन्याहून पिवळं. तिथली कातडी जाड आणि कोरडी असावी. ओली किंवा केस गेलेली असेल तर सुटल्यावर पहिल्या शंभर पावलांत तो बैल जू टाळायला बघेल.

इथवर एकेका बैलाचं झालं. पण माळावर बैल पळत नाही, जोडी पळते. महालक्ष्मीच्या पंडितांना हे कळणार नाही, आणि तिथल्या पुस्तकांत याचं उत्तरही नाही. म्हणून या भागावर मी जास्त वेळ घालवतो.

दोन मालक आपला एकेक बैल एकत्र करून गाडी उभी करतात, त्याला पैरा म्हणतात. हँडबिलवर किंवा निवेदकाच्या तोंडी दोन बैलांची नावं जोडून येतात आणि लोकांना वाटतं, दोन नंबरी बैल एकत्र आले म्हणजे जिंकलंच. गणित तसं नसतं. एक बैल दुसऱ्यापेक्षा अर्धं पाऊल पुढं राहणारा असेल, तर जू तिरकं होतं, गाडी हळूच मागच्या बैलाच्या बाजूला सरकायला लागते, आणि गाडीवानाचं निम्मं बळ ती सरळ ठेवण्यात जातं. जोडीचा वेग दोघांच्या सरासरीपेक्षा खाली जातो. कधी कधी दोघांतल्या हळू बैलाच्याही खाली. म्हणून दोन मध्यम पण एकसारखे बैल एका हिऱ्याला आणि एका दगडाला मागं टाकतात. एका हिऱ्याला आणि दुसऱ्या नवख्या हिऱ्यालाही टाकतात.

त्यामुळं पहिला प्रश्न: ही जोडी एकत्र किती मैदानं पळली? उत्तर ‘पहिल्यांदाच’ असेल तर तिला पहिल्या तिघांत धरायच्या आधी दोनदा विचार करा, किंमत कितीही लाखांची असो. दुसरा प्रश्न खांद्याचा. काही बैल डाव्या खांद्यालाच मोकळे पळतात, काही उजव्या. दोन्ही खांद्यांनी पळणारा बैल दुर्मिळ आणि महाग. दोन उजव्या खांद्याचे बैल एकत्र आले असतील, तर त्यातल्या एकाला आज उलट्या बाजूला जुंपलंय. तो कुठला, हे मालकांच्या गप्पांतून कळतं. तिसरं म्हणजे उंची. दोन्ही वशिंडांच्या पुढची जुवाची रेघ मागून बघा. आडवी असावी. दोन बोटांचा फरक चालतो, चार बोटांचा नाही. आणि चौथं, सगळ्यात सोपं, जे कुणी करत नाही: जुंपण्याआधी दोघांना जवळ उभं केलेलं असतं तेव्हा बघा. जुनी जोडी एकमेकांना चाटते, मान एकमेकांच्या बाजूला झुकते. नवी जोडी शिंगं दाखवते.

गाडीवानाकडं लोक जिंकल्यावर बघतात. सुटण्याआधी बघा. त्याचं वजन हाही एक हँडिकॅपच आहे. रेसकोर्सवर ते मोजून ठरवून देतात, इथं पन्नास किलोचा पोरगा आणि पंच्याऐंशी किलोचा गडी एकाच रेषेत उभे राहतात. मुरमाड, कठीण माळावर हा फरक कमी जाणवतो. मऊ रानात आणि वळणावर फार. आरत-परत पळताना वळण हीच खरी शर्यत. चांगला गाडीवान वळणाच्या बराच आधी आतल्या बैलाचा कासरा हळू घेतो आणि बाहेरच्याला आवाज देतो. कच्चा गाडीवान वळणावर पोचल्यावर दोन्ही कासरे खेचतो, गाडी थांबल्यासारखी होते आणि परतीच्या धावेत पुन्हा शून्यातून सुरुवात. म्हणून आदल्या मैदानाचा व्हिडिओ बघायचाच असेल तर शेवटची रेघ बघू नका, वळण बघा. तिथं कुणी किती गमावलं आणि तरीही तो कितवा आला, हे बघितलं की पुढच्या मैदानाचा अंदाज तुमच्या हातात येतो.

काठीबद्दल. सर्वोच्च न्यायालयानं 7 मे 2014 ला जल्लिकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतीही थांबवल्या. मग 2017 साली तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटकनं आपापल्या दुरुस्त्या केल्या, आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं त्या तिन्ही वैध ठरवल्या. त्यांचा सगळा डोलारा बैलाला विनाकारण वेदना होणार नाही या अटीवर उभा आहे. चाबूक, टोचणी, विजेचा झटका यांना त्यात जागा नाही. कागदावर तरी नाही. अट जिथं नीट पाळली जाते तिथं अंदाजाचं गणित बदलतं. माराला पळणारा बैल मागं पडतो आणि आवाजाला पळणारा पुढं येतो. सकाळी सराव करताना कुठला गाडीवान तोंडानं गाडी हलवतो आणि कुणाचा हात सारखा शेपटीकडं जातो, हे बघून ठेवा. कर्नाटकच्या दुरुस्तीत कंबळ म्हणजे रेड्यांच्या शर्यती आणि बैलांच्या शर्यती यांचं नाव आहे, घोड्याचं नाही. तरीही आपल्याकडं घोडागाडीच्या, आणि एक घोडा एक बैल अशा जोडीच्या शर्यती हँडबिलवर दिसतात. त्या दुसऱ्या प्रकाराचा अंदाज मी सांगत नाही. दोन वेगळ्या चालीची, वेगळ्या दमाची जनावरं एका जुवाखाली घालण्यात बघण्यासारखं काय आहे हे मला कधी कळलं नाही.

आदल्या निकालांकडं कसं बघायचं? कितवा आला यापेक्षा कुणाच्या मागं आला हे मोठं. चांगल्या आठ गाड्यांत चौथी आलेली गाडी कच्च्या पाच गाड्यांत पहिल्या आलेल्या गाडीपेक्षा बहुतेक वेळा भारी असते. अंतर लिहून ठेवा, पण ‘थोडक्यात हरली’ असं नाही. एक चाक, एक गाडी, तीन गाड्या, असं. दोन मैदानांमध्ये किती दिवस गेले तेही लिहा. दर चार दिवसांनी पिकअपमध्ये चढणारा बैल महिन्याभरात उतरतो. महिनाभर दावणीलाच असलेला बैल पहिल्या मैदानात दमानं कमी पडतो. दहा ते पंधरा दिवसांचं अंतर मला स्वतःला बरं वाटतं, पण हे माझं निरीक्षण आहे, शास्त्र नव्हे.

कोल्हापुरात रेसकोर्स नाका आहे. नाव राहिलं, घोडे गेले. ज्यांना घोड्यांचीच शर्यत बघायची आहे ते पुणे, मुंबई किंवा बंगळूरला जातात. तिथं गेलात तर वर सांगितलेलंच सगळं छापील पुस्तिकेत मिळतं: गुण, वजन, पल्ला, मागच्या धावा, जॉकी, सुटण्याची जागा. तीन गोष्टी आधी बघा. मागच्या वेळेपेक्षा वजन किती वाढलं किंवा घटलं, पल्ला बदलला का, आणि घोडा वरच्या गटातून खाली आलाय की खालून वर गेलाय. भावाचं गणित सोपं आहे. एकाला तीन भाव म्हणजे बाजाराच्या मते तो घोडा चारातून एकदा जिंकेल, शंभरात पंचवीस. चार घोड्यांचे भाव एकाला एक, एकाला दोन, एकाला चार आणि एकाला नऊ असतील तर त्यांचे हिस्से पन्नास, तेहतीस, वीस आणि दहा. बेरीज शंभर यायला हवी होती, एकशे तेरा आली. वरचे तेरा बुकीचे. ते तेरा ओलांडून पुढं जाईल एवढा चांगला अंदाज फार थोड्यांचा असतो. आणि जगभरच्या रेसकोर्सवर, एवढे आकडे, एवढे जाणकार असूनही, सगळ्यांचा आवडता घोडा साधारण तीनातून एकदाच जिंकतो. तेव्हा माळावर तुमचा पहिला नंबर तीनातून एकदा बरोबर आला तर स्वतःला हसू नका.

वही मात्र ठेवा. गाडी सुटण्याआधी प्रत्येक जोडीपुढं आकडा लिहा, शंभरातले किती, आणि सगळ्यांची बेरीज शंभरच येऊ द्या. एकीला चाळीस दिले की बाकीच्यांना साठच उरतात. ही शिस्त तोंडी अंदाजात नसते. तिथं प्रत्येक जण सगळ्याच गाड्यांना ‘ही पण येऊ शकते’ म्हणत असतो आणि नंतर ‘मी म्हटलेलंच’ म्हणतो. पुढं एक ओळ, का. दात, माळ, जोडी, गाडीवान, यांतलं काय बघून. दहा मैदानं झाली की वही उलटी चाळा. माझ्या वहीत असं निघालं की मी नव्या पैऱ्यांना सारखे जादा आकडे देतो. कारण मलाही, सगळ्यांसारखी, मोठ्या नावांची भुरळ पडते. माळाबद्दलचा माझा अंदाज मात्र बहुतेक बरोबर होता.

शर्यत संपली की पहिल्या गाडीकडं धावू नका. तिथं गुलाल असतो, हलगी असते, निशाण घेऊन नाचणारी पोरं असतात, आणि बैल त्या गर्दीत दिसतही नाही. तिसऱ्या-चौथ्या गाडीकडं जा. ती बाजूला कुठंतरी एकटी उभी असते, गाडीवान जू सोडत असतो, मालक पाणी आणायला गेलेला असतो. घड्याळ लावा आणि दोन्ही बैलांचा श्वास किती मिनिटांत खाली येतो ते मोजा. दोघांचा सारख्याच वेळात आला, आणि त्यांनी पाण्याआधी एकमेकांकडं मान वळवली, तर जोडीची नावं वहीत लिहून घ्या आणि पुढचं मैदान कधी आहे ते मालकाला विचारा.